घाट आला की बंद

दुकानात गिऱ्हाईक उभं होतं. त्याच्या प्रिंटरच्या पोटात अडकलेला कागद प्रेरणा चिमट्यानं ओढून काढत होती, आणि तेवढ्यात फोन वाजला. महादेवमामा. तिनं फोन खांद्यानं कानाशी दाबून धरला.

“बंद पडली वं,” मामा म्हणाले.

“कुठं?”

“घाटातच. चढ सुरू झाला अन् दुसऱ्या वळणावर गेली. सवाऱ्या तशाच मधात बसेल हायेत.”

गिऱ्हाईकानं हे ऐकलं. भला माणूस होता. म्हणाला, “ताई, राजूर घाटात असंन तं माह्या वळखीचा मेकॅनिक आहे मोताळ्याले. नंबर देऊ?”

त्याला काय सांगणार? मामा धामणगाव बढ्याला स्वतःच्या घरात पंख्याखाली बसले होते, बस कॉम्प्युटरच्या पडद्यावर होती, सवाऱ्या चित्रातल्या होत्या, आणि बंद पडलेली वस्तू प्रेरणानं स्वतःच्या हातानं जुळवलेली होती. “राहू द्या,” ती म्हणाली आणि कागद इतक्या जोरात ओढला की तो फाटून अर्धा आतच राहिला.

मलकापुरात बुलढाणा रस्त्याला तिचं हे दुकान होतं. पुण्यात एका कंपनीत कॉम्प्युटर जुळवायचं काम करून ती परत आली, तेव्हा घरात कुणालाच ते पटलं नव्हतं. पटलं ते एका महादेवमामांना. दुकानाच्या उद्घाटनाला नारळ त्यांनीच फोडला. त्यामुळे मामांचं काम म्हणजे घरचं काम, आणि घरचं काम बिघडलं की माणूस ना रागावू शकतो, ना सोडून देऊ शकतो.

मामा एसटीत ड्रायव्हर होते. बुलढाणा–मलकापूर हा त्यांचा नेहमीचा रस्ता, आणि राजूर घाट त्यांच्या अंगवळणी पडलेला. निवृत्तीला थोडी वर्षं उरली असताना डोळ्यांच्या तपासणीत ते नापास झाले. डेपोत त्यांना टेबलावर बसवलं. तिथं त्यांचं मन कधी लागलंच नाही. पुढं निवृत्त झाले, पण सकाळी अंघोळ करून कडक इस्त्रीचा शर्ट घालायची सवय गेली नाही. शर्ट घालून ते स्टँडवर जाऊन बसत आणि येणाऱ्या प्रत्येक गाडीच्या ड्रायव्हरला काही ना काही सुनावत. “क्लच जाळून राह्यला बे तू,” असं एका नव्या पोराला चारचौघांत म्हणाले, तेव्हा वाद झाला आणि शालूमामींना जाऊन त्यांना घरी आणावं लागलं.

त्यानंतर एकदा मामा दुकानात आले असताना प्रेरणानं त्यांना बसचा गेम दाखवला. सहज, चहा येईपर्यंत वेळ जावा म्हणून. मामा खुर्चीवर बसले ते उठेचनात. चहा आला, निवला, त्यावर साय धरली. चित्रातल्या बसचे आरसे आधी ते नीट पाहून घेत होते. थांबा आला की थांबत होते. थांब्यावर कुणी नसलं तरी थांबत होते.

शालूमामींनीच मग फोन केला. “असं घरी बसवून दे बाई त्यायले. निदान स्टँडवरचे तंटे तं बंद होतीन.”

प्रेरणानं मन लावून मशीन जुळवलं. चांगलं ग्राफिक्स कार्ड, एका बाजूला काच असलेलं कॅबिनेट, पायात क्लच-ब्रेक आणि खऱ्यासारखं थरथरणारं स्टिअरिंग. रस्ता खराब लागला की ते हाताला हिसके देई. मामांनी पहिल्यांदा हातात धरलं आणि म्हणाले, “याचं अलाइनमेंट गेलं आहे.” त्यांना ते फार आवडलं, असा त्याचा अर्थ होता.

आणि मग ते बंद पडायला लागलं.

सपाट रस्त्यावर गाडी बिनतक्रार चाले. गावातून, शेतांमधून, पुलावरून. डोंगर लागला की पडदा काळा आणि मशीन आपोआप पुन्हा सुरू. ना काही सूचना, ना काही कारण. मशीनमधल्या नोंदी उघडून पाहिल्या तर त्या एवढंच सांगत की मशीन अचानक बंद झालं. ते मामाही सांगत होते.

प्रेरणानं आधी गरम होण्यावर संशय घेतला. फोनवरून मामांना आकडे वाचायला लावले, तर मशीन थंडगार. मग ग्राफिक्स कार्डाचं सॉफ्टवेअर काढून नवं टाकलं. मग मामांना मशीन दुकानात आणायला सांगितलं. मामांनी ते गोधडीत गुंडाळून, एसटीत मांडीवर घेऊन आणलं. कंडक्टर जुना दोस्त, त्यानं विचारलं, “काय हो महादेवराव, नातू काय?” मामांना ते मुळीच आवडलं नाही.

दुकानात तिनं मशीन टेबलावर आडवं घातलं, काच काढली, रॅमच्या पट्ट्या एकेक करून तपासल्या. मग कीबोर्डवर तोच गेम, तोच डोंगर लावला. मशीन दिवसभर चाललं. दुसऱ्या दिवशीही चाललं. जितका भार टाकता येईल तितका टाकला, तरी हूं नाही की चूं नाही. दुकानात ते एवढं गुणी वागलं की तिलाच लाज वाटली. तिनं ते परत पाठवलं, मामांनी ते गोधडीतून सोडवलं, टेबलावर मांडलं आणि संध्याकाळच्या आत फोन आला. घाटात.

“मामा, आजूबाजूले मोठी मोटर चालते का काई?” तिनं विचारलं. “व्होल्टेज पडत असंन.”

हे विचारायला नको होतं. मामांच्या भिंतीला लागून पुंजाजीची पिठाची गिरणी होती. मामा तडक उठून गेले आणि म्हणाले, “पुंजाजी, मी घाट चढतो तवर गिरणी बंद ठेव.”

पुंजाजी गिरणीत पांढराफटक होऊन उभा होता, समोर दळणाच्या डब्यांची रांग होती. कोणता घाट हे त्याला कळलं नाही, पण शेजारधर्म म्हणून त्यानं गिरणी बंद केली. बाया डबे घेऊन ताटकळल्या. मामांनी घाट चढायला घेतला आणि मशीन बंद पडलं.

गिरणी बंद असताना बंद पडलं म्हणजे दोष गिरणीचा नव्हता, हे उघड होतं. पण तोवर मामांच्या तोंडून अर्ध्या गावात बोभाटा झाला होता की पुंजाजीची गिरणी शेजाऱ्याच्या घरातली वीज ओढून घेते. एका बाईनं तर आपला फ्रिज बिघडल्याचंही त्याच्याच माथी मारलं. पुंजाजीनं मामांशी बोलणं टाकलं. शालूमामी ज्वारीचा डबा घेऊन गेल्या, तेव्हा तो मान वर न करता म्हणाला, “दुसरीकडं जा वहिनी. इथं दळलं तं तुमच्या मशीनले तरास होईन.”

तेव्हापासून मामी डबा डोक्यावर घेऊन गावाच्या पार दुसऱ्या टोकाला जायला लागल्या. त्यांनी प्रेरणाला फोनवर हे सगळं सांगितलं, अगदी शांतपणे. शेवटी म्हणाल्या, “तुह्या मशीनपाई बाई मी आता दवंडी देणाऱ्या येसकरावानी गाव फिरून राह्यली.”

सोमवारी दुकान बंद असे. त्या सोमवारी प्रेरणा पिशवीत नवा, दणकट पॉवर सप्लाय घालून धामणगावच्या गाडीत बसली. आता हेच राहिलं होतं. हेही नसेल तर मशीन घेऊन नळगंगा नदीत टाकून द्यायचं, असं तिनं मनाशी ठरवलं होतं.

गेल्या गेल्या तिनं काम सुरू केलं. पाणीसुद्धा घेतलं नाही. जुना पॉवर सप्लाय काढला, नवा बसवला, वायरी ओढून बांधल्या. कीबोर्ड पुढ्यात घेऊन घाट चढला आणि उतरला. पुन्हा चढला. काही झालं नाही.

“झालं,” ती म्हणाली. “पॉवर सप्लायच होता.”

मामांनी स्टिअरिंग टेबलाला आवळलं, चष्मा पुसला आणि बसले. प्रेरणा स्वयंपाकघरात मामींच्या हातची गरम भाकरी घेऊन बसली. पहिला घास तोंडात घालते न घालते तो बाहेरून मामांचा आवाज आला. ओरडले नाहीत. नुसतं म्हणाले, “गेली.”

प्रेरणा हात न धुताच बाहेर आली. इतक्या दिवसांचं सगळं एकदम वर आलं.

“मामा, तुमी काई तरी करता. नक्की करता. माह्या हातात चालते, दुकानात चालते, फक्त तुमच्या हातात बंद पडते. पायानं वायर दाबता का? कोणतं बटण दाबता?”

मामांनी स्टिअरिंगवरचे हात काढून मांडीवर ठेवले. “मी?” ते म्हणाले. “एवढी वर्षं सरकारची गाडी चालोली. डोळ्यायनं धोका देल्ला, हातायनं नाई देल्ला. अन् तू मले सांगून राह्यली की मले बटण समजत नाई.”

ते उठून ओट्यावर जाऊन बसले. भिंतीपलीकडे गिरणी घरघरत होती.

मामी भाकरी टाकायची थांबून दारात आल्या. “तू त्यायले चालोतानी पाह्यलं काय कधी?” त्यांनी विचारलं.

प्रेरणानं पाहिलं नव्हतं. दरवेळी ती मशीन पाहत होती. मामा उठले की ती बसत होती.

तिनं ओट्यावर जाऊन मामांना बोलावलं. ते पहिल्यांदा आले नाहीत. दुसऱ्यांदा ती म्हणाली, “चुकलं माह्यं. तुमी चालवा, मी नुसती बसते.” तेव्हा ते आले, पण तिच्याकडे न पाहता.

ती बाजूच्या पलंगावर बसली. मामांनी आरसे पाहिले, हॉर्न दिला, गाडी थांब्यावरून काढली. सपाट रस्ता गेला. चढ लागला, मामांनी गिअर टाकला आणि पहिल्या वळणावर स्टिअरिंग गुरगुरायला लागलं. मामा त्याला दोन्ही हातांनी दाबून धरत होते, जसं खऱ्या गाडीला धरत असतील तसं, सगळं अंग टाकून. दुकानात कीबोर्डवर प्रेरणा नुसती बोटं दाबत होती. इथं स्टिअरिंग हिसके देत होतं, मामा त्याला हिसके देत होते, आणि ज्या टेबलाला ते आवळलं होतं ते अख्खं टेबल खडखडत होतं. टेबलावरच्या पेल्यातलं पाणी हिंदकळून खाली सांडलं.

आणि त्याच टेबलावर कॅबिनेट उभं होतं.

ती पलंगावरून उठून काचेपाशी वाकली. आत ग्राफिक्स कार्ड एका टोकाला धरलेल्या जड फळीसारखं लोंबत होतं, आणि प्रत्येक हिसक्याला त्याचं मोकळं टोक वरखाली होत होतं. दुसरं वळण आलं, टेबल थाडकन हललं, कार्ड लवलं, पडदा काळा झाला.

“गेली,” मामा म्हणाले.

“सापडली,” प्रेरणा म्हणाली. पण तिच्या आवाजात आनंद नव्हता.

काच काढून तिनं कार्डाखाली बोट लावून पाहिलं. कार्ड कॅबिनेटला दोन स्क्रूंनी धरलेलं असायला हवं. तिथं एकच होता. दुसऱ्याचं भोक नीट जुळत नव्हतं, म्हणून मशीन जुळवताना तिनंच ते सोडून दिलं होतं. एकानं भागेल असं तिला वाटलं होतं. दुकानात ती कॅबिनेट नेहमी आडवं ठेवून तपासत होती. आडवं ठेवलं की कार्ड उभं राहतं आणि आपल्याच वजनानं खाचेत घट्ट बसतं. मग ते बंद पडणार कसं? इथं सरळ उभ्या कॅबिनेटमध्ये ते लोंबत होतं आणि स्टिअरिंग त्याला झोके देऊन खाचेतला जोड सोडवत होतं. एका स्क्रूसाठी तिनं रॅम तपासली, पॉवर सप्लाय बदलला, शेजाऱ्यांत भांडण लावलं आणि मामांना नाही ते बोलली.

तिला स्वतःचा एवढा संताप आला की ती तिथंच जमिनीवर बसली. मामांनी विचारलं, “मोठं काम हाये काय?”

“नाई. लहान हाये. लयच लहान हाये.”

तिनं भोक जुळवून दुसरा स्क्रू पिळला. कार्डाच्या मोकळ्या टोकाखाली आधार हवा होता. मामींनी शिलाई मशीनच्या खणातून दोऱ्याची रिकामी प्लास्टिकची रीळ काढून दिली. ती जराशी बुटकी पडली, म्हणून तिच्यावर पुठ्ठ्याची घडी ठेवली. मग कॅबिनेट टेबलावरून उचलून बाजूच्या दगडी कोनाड्यात ठेवलं. वायरी जेमतेम पुरल्या.

मामा पुन्हा बसले. स्टिअरिंग गुरगुरलं, टेबल खडखडलं, पेला मामींनी आधीच उचलून घेतला होता. पहिलं वळण गेलं. दुसरं गेलं. मामांचा जबडा आवळलेला होता आणि प्रेरणाचाही. माथ्यावर आल्यावर मामांनी गाडी बाजूला घेऊन उभी केली.

“काऊन थांबले?” तिनं विचारलं.

“इंजिन तापलं असंन,” ते म्हणाले. मग थोड्या वेळानं, “येक स्क्रू ढिला असला अन् गाडी काढली तं डेपोत आमाले मेमो भेटे.”

“द्या मग मेमो.”

“देल्ला समज,” मामा म्हणाले आणि उतार उतरायला लागले.

पुंजाजीकडे मात्र प्रकरण एवढ्यावर मिटलं नाही. संध्याकाळच्या गाडीला जाण्याआधी प्रेरणा मामांना घेऊन गिरणीत गेली आणि दळायला थांबलेल्या बायांसमोर म्हणाली, की दोष गिरणीचा नव्हता, माझा होता. पुंजाजीनं ऐकून घेतलं, पण काम थांबवलं नाही. पीठ उडत होतं, पट्टा फिरत होता. डब्यात पीठ भरून झाल्यावर तो मामांना म्हणाला, “हे समद्या गावाले सांगा. बदनामी करतानी बरे दारोदारी गेलते.”

“सांगतो,” मामा म्हणाले.

त्यांनी खरंच सांगितलं, स्टँडवर बसून, येईल त्याला. फ्रिजवाल्या बाईनं ते मानलं नाही, पण बाकीच्यांनी मानलं. मामींचा डबा पुंजाजीनं पुढच्या आठवड्यात घेतला. म्हणे, पीठ मुद्दाम जाडंभरडं दळून दिलं.

प्रेरणाच्या दुकानात आता कोणतंही मशीन जाण्याआधी उभं करून, काच लावून, सुरू असतानाच दोन्ही हातांनी गदगदा हलवलं जातं. गिऱ्हाईक घाबरतं. “ताई, हे काय करून राह्यल्या?” असं विचारतं. ती पडद्याकडे पाहत हलवत राहते.