पांढऱ्या गाडीची खबर

ती केस कागदावर किरकोळ होती, पण तिच्यातला एक आवाज मी अजून विसरलेलो नाही. "साहेब, रविवारी पहाटे चिंचोटी-कामण रस्त्यावर गाड्या पळणार आहेत," एवढं सांगून फोन बंद व्हायचा. नाव विचारायलाही वेळ मिळत नसे.

मी तेव्हा महामार्गालगतच्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. निनावी फोन आम्हाला नवे नाहीत. निम्मे खोडसाळ असतात, उरलेल्यांतले बरेच शेजाऱ्याचा काटा काढायला केलेले. या माणसाची खबर मात्र दर वेळी खरी निघायची. आम्ही नाकाबंदी लावायचो, टर्बोच्या गाड्या घेऊन आलेली पोरं सापडायची, वाहतूक शाखा दंड करायची आणि पुढच्या महिन्यात तीच पोरं पुन्हा हजर. दंडाने कोणी सुधारतं यावर माझा विश्वास कधीच नव्हता.

मग एका शुक्रवारी दुपारी आला तो फोन वेगळा होता. "या वेळी पांढऱ्या गाडीला आधी थांबवा. तिच्यात पेट्रोल कमी पडतंय. पूर्ण दाबली तर तो पोरगा जाईल."

ठाणे अंमलदार असलेले हवालदार हसले. "पेट्रोल कमी असेल तर आपोआपच थांबेल की, साहेब." मला हसू आलं नाही. थट्टा करणाऱ्याचा आवाज असा कापत नाही.

आधीचे सगळे नंबर आम्ही पडताळले. प्रत्येक वेगळा, पण सगळे आगाशी बाजारातल्या लोकांचे: एक नारळवाला, एक शिंपी, एक भाजीवाली. आगाशी आमच्या हद्दीत नव्हती, म्हणून तिथल्या ठाण्याला कळवून मी साध्या कपड्यांत गेलो. आपला फोन बंद पडलाय, एक फोन करू द्या, म्हणत कोणीतरी आला होता, एवढं सगळेच सांगत होते. नारळवाल्याला त्या माणसाच्या हातांचा पेट्रोलचा वास आठवत होता. भाजीवाल्या बाईंना मात्र अख्खा माणूस माहीत होता.

"कोन म्हंजे? तो वाडीतला गाड्यावाला," त्या म्हणाल्या. "रोज येतो. एकट्यापुरतीच भाजी नेतो. दोन वांगी, एक कांदा. मी म्हनते, घे रे थोडी जास्त. तर म्हनतो, मावशी, खायला कोन हाय?"

केळीच्या वाडीच्या टोकाला त्याची पत्र्याची शेड होती. पन्नाशीचा माणूस. भावांनी आपापले वाटे विकून बोळिंजला फ्लॅट घेतले होते. हा लग्न न करता तिथेच राहिला होता. मी ओळखपत्र दाखवलं तर तो घाबरला नाही. आधी चहा टाकला. इतक्या लगबगीने चहा टाकणारा माणूस मी चौकशीत दुसरा पाहिला नाही.

चौकशीत माझी एक पद्धत होती. मी गप्प बसायचो. शांतता सहन न होऊन समोरचा बोलू लागतो. याच्या बाबतीत त्याची गरजच पडली नाही. ऐकणारा मिळाला म्हणून तो बोलतच सुटला.

टर्बो इंजिनात जादा हवा कोंबतो. हवा वाढली की त्या मानाने पेट्रोलही वाढवावं लागतं. गाडीला लॅपटॉप जोडून हे प्रमाण बसवणं हाच त्याचा धंदा. पेट्रोल किंचित जास्त राहिलं तर इंजिन थंड राहतं. कमी पडलं तर आत इतकी उष्णता होते की पिस्टन वितळतो.

"पांढऱ्या गाडीवाल्याला अजून पॉवर पाहिजे होती. मी नाही म्हटलं. त्याने दुसरीकडे जाऊन टर्बोचा दाब वाढवून घेतला, पेट्रोल तेवढंच. परवा मला दाखवायला आला होता. आवाजावरूनच कळलं मला. सांगितलं तर म्हणतो, काका, तुम्ही फार घाबरता."

"भर वेगात इंजिन जाम झालं तर?"

"चाकं धरतील, साहेब. मग गाडी कोणाचंच ऐकत नाही."

मला राग आला. हा तर आग लावून बंबाला फोन करण्यातला प्रकार होता. "मग या गाड्या बनवताच कशाला?" मी आवाज चढवला.

तो कप विसळत राहिला. "पॉवर मी वाढवतो. ब्रेक कंपनीचेच राहतात. झोपताना तेच डोक्यात येतं," तो म्हणाला. "पण काम बंद केलं तर ती पोरं यायची नाहीत. दुसरं कोण येतं इथे?"

त्याने एकच मागणं केलं. नाव बाहेर जाऊ देऊ नका, पोरं तोंड बघणार नाहीत माझं. मी शब्द दिला. कागदोपत्री तो गुप्त बातमीदार राहिला.

रविवारी आम्ही रस्त्यावर वाट पाहिली नाही. आरटीओचे निरीक्षक सोबत घेऊन, त्याने सांगितलेल्या पत्त्यावर, तो मुलगा राहत होता त्या बोळिंजच्या सोसायटीच्या फाटकाशीच पांढरी गाडी अडवली. "अंकल, चलान फाडा आणि सोडा ना," असं म्हणणाऱ्या त्या मुलाची गाडीच आम्ही जप्त केली. तपासणीसाठी इंजिन उघडलं तेव्हा एका पिस्टनची कड वितळलेली निघाली. त्याच्या आईला ती मी मुद्दाम दाखवली.

मग बाकीच्याही गाड्यांची नोंदणी निलंबित झाली, आईवडिलांना ठाण्यात बोलावलं गेलं आणि शर्यती थांबल्या. खबर कोणी दिली हे कोणालाही कळलं नाही.

काही आठवड्यांनी ठाण्यात त्याचा फोन आला, या वेळी स्वतःच्या नंबरवरून. मी कागद पुढे ओढला.

"खबर नाही, साहेब. सहज केला. पोरं येत नाहीत आता."

"बरं झालं ना?"

"बरंच झालं," तो म्हणाला. फोन मात्र ठेवला नाही. मलाही ठेवता आला नाही.

खबऱ्या पैशासाठी बोलतो नाहीतर सुडापोटी, असं आम्ही धरून चालायचो. हा माणूस मायेपोटी बोलला होता, आणि काय गमावणार हे त्याला आधीच माहीत होतं. त्या केसने मला हे शिकवलं, पण पुरतं कळलं ते निवृत्तीनंतर. बायको गेली, मुलगी पुण्याला, आणि दिवसभर वाजणारा फोन एका महिन्यात गप्प झाला.

आता दर रविवारी मी माझी जुनी गाडी घेऊन आगाशीला जातो. इंजिनाचा आवाज बरोबर नाही, असं काहीतरी सांगतो. गाडी ठणठणीत आहे हे त्याला ऐकूनच कळतं. तरी तो बॉनेट उघडतो आणि बराच वेळ आत बघत राहतो.