बोटीवरच्या मेजवानीचा फेटा

कोणत्या प्रसंगाला कोणते कपडे घालावेत, या विषयावर आमच्या आतोबांनी जितका विचार केला तितका आजवर कोणा राजाने, कोणा नवरदेवाने किंवा पोटासाठी सोंगं आणणाऱ्या कोणा बहुरूप्यानेही केला नसेल. आतोबा म्हणजे माझ्या आत्याचे यजमान. पोलादपूरजवळच्या कापड्याला त्यांची भातशेती होती आणि खुंटीला मोजकेच कपडे होते, पण त्या मोजक्या कपड्यांतून ते रोज सकाळी असा काही निवाडा करीत की वाटावं, आज कोर्टात मोठा खटला उभा राहणार. ओटीवर बसून ते तंबाखू मळायचे आणि आज कोण भेटणार, ते आपल्याला बसा म्हणणार की उभं ठेवणार, निघताना ऊन डोळ्यांवर असेल की पाठीवर, या सगळ्याचा हिशेब मांडायचे. मग आत हाक मारून धोतर कोणतं ते सांगायचे. आत्या म्हणायची, "दुसरं हाय कुठं?" पण तेवढ्याने आतोबांचा विचार वाया गेला असं त्यांना कधी वाटलं नाही.

पोलादपूरला निघाले तर कोट हातावर, वहाणा दुसऱ्या हातात आणि फेटा पंच्यात बांधलेला, अशा थाटात ते चालत जायचे. गावाच्या अलीकडच्या ओढ्यावर पाय धुऊन सगळा पोशाख अंगावर चढवायचे आणि येताना त्याच जागी उतरवून ठेवायचे. त्यामुळे पोलादपूरकरांनी कोट न घातलेले आतोबा पाहिले नव्हते आणि कापडेकरांनी तो घातलेले क्वचितच. बांधावरून शेजाऱ्याशी भांडायला जायचं असलं की मात्र ते घरूनच धुतलेलं धोतर नेसून निघायचे. मी एकदा कारण विचारलं तर म्हणाले, "भांडायला मळक्या कापडानं जाऊ नये. समोरच्याला वाटतं, हा घरनंच हरून आलाय." बैल विकायला कोट आणि घ्यायला मुद्दाम फाटका सदरा, हाही त्यांचा एक नेम. पण सगळ्या खोऱ्याला हे नेम पाठ झाल्यामुळे फाटका सदरा घालून ते कुणाच्या गोठ्यात शिरले की बैलाचा मालक ओळखायचा, बैल यांच्या मनात भरलेला आहे, आणि तिथल्या तिथे किंमत वाढवायचा. आतोबा घरी येऊन सदऱ्याला दोष द्यायचे. म्हणायचे, पुरेसा फाटला नव्हता.

हे सगळं वेड कुठून आलं ते त्यांनी स्वतः कधी सांगितलं नाही. आत्याने सांगितलं. तरुणपणी जमिनीच्या कामासाठी ते महाडला एका साहेबाच्या कचेरीत गेले होते. नदी ओलांडताना अंगावरचं भिजलं, डोक्यावरचं वाहून गेलं, आणि ओलेत्याने, उघड्या डोक्याने ते दारात उभे राहिले. शिपायाने आत सोडलं नाही. दिवस मावळेपर्यंत ते दाराशी उभे होते आणि त्यांच्यामागून आलेली फेटेवाली माणसं आत जाऊन, बसून, काम करून परत गेली. एवढंच. पण तेव्हापासून आपल्या माणसाला कुणी दारात थांबवू नये, एवढ्या एका गोष्टीसाठी ते आयुष्यभर कपड्यांशी झगडत राहिले.

अशा माणसापुढे मी माझा प्रश्न घेऊन गेलो. मुंबईत ज्या कारखान्यात मी नकाशे काढायचो, त्याच्या मालकांनी मला शिकायला दीड वर्षासाठी विलायतेला पाठवायचं ठरवलं. साध्या वर्गाची तिकिटं संपल्यामुळे मला वरच्या वर्गाचं मिळालं. चूक तिकिटं काढणाऱ्याची, पण ऐट माझी वाढली. निरोप घ्यायला म्हणून मी माझ्या तुडील गावापासून कापड्यापर्यंत एकही नातेवाईक सोडला नाही. ज्यांच्याकडे दहा वर्षांत गेलो नव्हतो त्यांच्याही पाया पडलो. लोक नारळ देत होते आणि मी तो अशा चेहऱ्याने घेत होतो की जणू विलायतेचं राज्य चालवायला मलाच बोलावलं आहे. घोर मात्र कपड्यांचा होता. बोटीच्या कंपनीने जे छापील पत्रक पाठवलं होतं त्यात लिहिलं होतं की, प्रवासात काही रात्री मेजवान्या होतील आणि त्या रात्री प्रवाशांनी समारंभाच्या पोशाखात किंवा आपापल्या देशाच्या पोशाखात जेवायला यावं. मुंबईच्या मित्रांनी सांगितलं, काळा सूट भाड्याने मिळतो, गळ्याला काळं फुलपाखरू लावायचं की झालं. मी दुकानात जाऊन घालून पाहिला. माझं अंग काटकुळं आणि डोकं मोठं. आरशात जो दिसला तो वरातीच्या बँडमधला, आपलं वाद्य कुठेतरी विसरून आलेला माणूस होता.

आतोबांनी सगळं ऐकून घेतलं. दोन दिवस ते मधूनमधून येऊन शंका विचारत राहिले. पंगत जमिनीवर की टेबलावर, वारा कुठून येतो, दार उंच असतं की वाकावं लागतं. मला यातलं काहीच ठाऊक नव्हतं, पण विलायतेला निघालेल्या माणसाने नाही कसं म्हणायचं, म्हणून मी दणकून उत्तरं दिली. शेवटी त्यांनी विचारलं, वाढपी काय घालतात? हे मात्र मला मित्रांकडून कळलेलं होतं. म्हटलं, काळा कोट, पांढरा सदरा, गळ्याला फुलपाखरू. मग जेवणारे काय घालतात? मी म्हटलं, तेच.

आतोबांनी हातातली तंबाखू बाजूला ठेवली. "मंग पावना कोन नि वाढपी कोन, हे कळायचं कसं?" ते म्हणाले. मग तेच पुढे म्हणाले, "तू फेटा बांध. फेट्याला कुनी ताट उचलायला सांगत नाय."

निकाल लागला. बंद गळ्याचा कोट, पांढरी विजार आणि आतोबांचा स्वतःचा, लग्नाकार्याला काढायचा गुलाबी फेटा. अडचण एकच होती, मला फेटा बांधता येत नव्हता. आतोबांनी शिकवायला घेतलं. एक टोक आत्याने अंगणाच्या त्या कडेला धरायचं, दुसरं टोक मी दातांत धरून डोक्याभोवती वेढे घेत तिच्याकडे सरकायचं. मी तिच्यापर्यंत पोचेतो फेटा कधी गळ्यात असायचा, कधी दोन्ही डोळ्यांवर. कारखान्यात मी यंत्रांचे नकाशे केसाचाही फरक न पडू देता काढायचो, आणि इथे नऊ वाराच्या कापडापुढे माझी अक्कल गुडघ्यात गेली. अंगणाच्या दगडी गडग्यावर माणसं जमू लागली. आत्या शेवटी दमून म्हणाली, "याचं डोकं काय फिरतीवर हाय का रे? एका जागी थांब की."

तेव्हा आतोबांनी बेत बदलला. फेटा इथेच बांधायचा, खळ लावून, टाके घालून पक्का करायचा आणि तयार टोपीसारखा बरोबर द्यायचा. पण तो सुकेपर्यंत ठेवायचा कशावर? माझं डोकं तर मुंबईला जाणार. आत्याला भोपळा सुचला. आतोबांनी सुतळीने माझ्या डोक्याचा घेर घेतला आणि ती सुतळी घेऊन भोपळ्याच्या शोधात निघाले. घरचे भोपळे लहान निघाले. शेजारचेही लहान. मग त्या सुतळीची सगळ्या वाडीत मिरवणूक निघाली आणि दारोदारच्या बायका बाहेर येऊन आधी सुतळी, मग मला आणि मग आपला भोपळा न्याहाळू लागल्या. एवढं डोकं आहे म्हणूनच विलायतेला नेतात, असं एक म्हातारी कौतुकाने म्हणाली. दुसरीने आपला बियाणाचा ठेवलेला, सगळ्यांत मोठा भोपळा काढून दिला, तो मात्र तंतोतंत बसला. आतोबांनी त्यावर फेटा बांधला, खळ लावली, आतून टाके घातले. सुकल्यावर तो इतका आवळून बसला की भोपळा काही बाहेर येईना. शेवटी आत्याने खालून कोयत्याने भोपळा फोडून फेटा सोडवला आणि रात्री त्याची भाजी केली. माझ्या मापाचं डोकं मी स्वतः दोनदा मागून घेऊन खाल्लं.

निघायच्या दिवशी आतोबा पोलादपूरच्या एस.टी. थांब्यावर पुऱ्या पोशाखात आले. फेट्याचा पत्र्याचा डबा त्यांनी गाडीत माझ्या मांडीवर ठेवला, झाकण एकदा दाबून पाहिलं आणि खिडकीशी तोंड आणून हळूच म्हणाले, "दारात थांबू नको. थांबलं की इचारतात."

पहिली मेजवानी एडन सुटल्यावर होती. तोवर मी बोट लागून आडवा होतो. खाडीकाठच्या तुडीलात जन्मलेला माणूस म्हणून मला बोट लागणार नाही, अशी मी सगळ्या नातेवाइकांना ग्वाही देऊन आलो होतो. संध्याकाळी अंघोळ करून डबा उघडला आणि मटकन खाली बसलो. दमट हवेने खळ विरघळली होती, टाके सुटले होते आणि डब्यात पिळून ठेवलेल्या धुण्यासारखा एक ओला गुलाबी गोळा होता. त्याला भोपळ्याचा वासही येत होता. माझ्या खोलीत मुंबईचे एक वयस्क पारशी गृहस्थ होते. ते आपला पांढरा डगला आणि उंच टोपी घालून केव्हाच तयार झाले होते. मी त्यांना म्हटलं, माझी तब्येत बरी नाही, मी बिस्किटं खाऊन झोपतो. त्यांनी डब्यात पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि कापडाचं एक टोक हातात घेऊन बाहेरच्या बोळात चालत जाऊन उभे राहिले.

मी दुसरं टोक दातांत धरलं. बोट डावीकडे कलली की मी भिंतीवर, उजवीकडे कलली की ते. दोन मडमा आमच्यामुळे बोळातच अडकून राहिल्या. तीनदा सोडून चौथ्यांदा जे काही डोक्यावर बसलं त्याला फेटा म्हणायला कापड्यात कोणी धजलं नसतं. पण ते पडत नव्हतं. भोजनगृहाच्या दाराशी एक ताडमाड गोरा काळ्या कोटात उभा होता. त्याला पाहताच मला आतोबांचे शब्द आठवले आणि मी अजिबात न थांबता आत शिरलो. थांबायचं नाही एवढंच डोक्यात असल्यामुळे माझं टेबल केव्हा मागे गेलं ते मला कळलंच नाही. सगळं भोजनगृह ओलांडून मी पार मुदपाकखान्याच्या दारापर्यंत पोचलो. आतून ताटं घेऊन येणारा वाढपी मला पाहून झटकन बाजूला झाला आणि कमरेत वाकून त्याने माझ्यासाठी ते दार उघडून धरलं. ताट उचलायला मात्र त्याने सांगितलं नाही. परत वळून माझ्या खुर्चीवर येऊन बसेपर्यंत सगळं भोजनगृह माझ्याकडे पाहत होतं. पुढे सूप पिताना फेट्याचा लोंबता शेमला दोनदा सुपात गेला. पण मी आत होतो आणि बसलेला होतो. घरी मी लिहिलं, दारात थांबलो नाही. मुदपाकखान्याचं लिहिलं नाही.

विलायतेत दीड वर्षात असे प्रसंग बरेच आले. दर वेळी मी दाराच्या मुठीला टोक बांधून फेटा बांधायचो. हात बसत गेला, फेटा मात्र जरा डावीकडेच उतरायचा.

परत आल्यावर कापड्याला गेलो तो लग्नाचा दिवस होता. शेजारच्या अंगणात मांडव पडला होता, वाजंत्री वाजत होती, आणि आतोबा घरात उघड्या डोक्याने बसले होते. म्हणाले, गुडघा दुखतो, मी काही येत नाही. आत्याने मला मागच्या पडवीत नेऊन खरं कारण सांगितलं. त्यांचा उजवा हात वर्षभर थरथरत होता. फेटा बांधता येईना. दुसऱ्या कुणाकडून बांधून घ्यायची लाज, आणि उघड्या डोक्याने जायचं नाही. म्हणून भावकीतली दोन लग्नं चुकली, पोलादपूरचा बाजार सुटला, कुणाकडे जाणं नाही की येणं नाही. "कपड्यांवरून मानूस घरात कोंडून घेतो का रे?" असं म्हणून आत्याने डोळे पुसले.

मी बाहेर आलो आणि पेटीतून तोच गुलाबी फेटा काढला. म्हटलं, आतोबा, बसा जरा, बरेच दिवसांत बांधला नाही, बसलेला हात जाईल माझा. ते गुडघा धरून उठले. मग पाटावर बसले. आत्याने टोक धरलं. इतक्या वर्षांत मी त्यांच्या डोक्याला कधी हात लावला नव्हता. केस कापसासारखे झाले होते आणि डोकं माझ्या कल्पनेपेक्षा फारच लहान होतं. बांधून झाल्यावर मी आरसा पुढे धरला. आतोबांनी मान या बाजूला, त्या बाजूला वळवून पाहिलं.

"डाव्या अंगाला उतरलाय," ते म्हणाले.

मी सोडायला हात घातला. त्यांनी आपल्या थरथरत्या हाताने माझा हात धरला. "ऱ्हाऊ दे. चल, पंगत बसंल."

उभ्या आयुष्यात आतोबा वाकडा फेटा घालून उंबऱ्याबाहेर पडलेले कुणी पाहिले नव्हते. त्या दिवशी अख्ख्या वाडीने पाहिले. मांडवात एका म्हाताऱ्याने न राहवून विचारलंच, आज फेटा कोणी बांधला? आतोबा ऐसपैस मांडी घालून बसले आणि सगळ्या पंगतीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "आमच्या पोरानं. इलायतंत शिकून आलाय."

पुढे दोन-तीन लग्नसराया मी मुंबईहून मुद्दाम जाऊन तो बांधत राहिलो. मग जाण्याचं कारण उरलं नाही. फेटा काही माझ्या हातून शेवटपर्यंत सरळ बसला नाही, आणि आतोबांनीही पुन्हा कधी आरशात पाहिलं नाही.