काजवालीचं दोको

कोटाची काजं हाताने करणारी त्या रस्त्यावर ती एकटीच उरली होती. शर्टाला यंत्र चालतं, कोटाला नाही चालत, असं दुकानाचे शिंपी मास्तर गिऱ्हाइकांना छातीवर हात मारून सांगायचे आणि कोट तिच्या मांडीवर टाकून चहाला निघून जायचे. तिला सगळे काजवालीच म्हणत. नाव होतं तिला, पण ते कागदपत्रांपुरतं.

काज करायचं म्हणजे आधी कापडाला चीर द्यायची, मग मेण लावलेल्या धाग्याने चिरेच्या कडेकडेने टाके घालायचे, दर टाक्याला एक गाठ. शिवण चुकली तर उसवता येते, पण चीर दिली की दिली. म्हणून कात्री लावायच्या आधी ती जरा थांबायची. बत्तीस वर्षांत तिचं एकही काज चुकलं नव्हतं. बाकीच्या गोष्टींचं काही तसं सांगता यायचं नाही. नवरा लवकर गेला, आणि एकुलता एक मुलगा गेला जपानला.

मुलगा वेल्डिंग शिकलेला. दुकानाच्या वरच्या खोलीत एक तरुण बाई जपानी शिकवायच्या, तिकडे कारखान्यात जाऊ पाहणाऱ्या पोरांना. तिथे तो आठ महिने बसला. रोज जिना उतरला की आईपुढे नवा शब्द टाकायचा. ती मान वर न करता म्हणायची, "मला काय करायचंय तुझं जपानी? मी काय तिकडे काजं करायला येणारेय?" तो हसायचा. मग एक दिवस गेला.

पहिलं वर्ष दर रविवारी फोन. मग एका रविवाराआड. मग नुसता निरोप, बरा आहे, काम फार आहे. आणि आता पाच महिने काहीच नाही. ज्याने पाठवलं तो एजंट म्हणाला, त्याने कारखाना सोडला, आता आमचा संबंध नाही. सरकारी कचेरीत अर्ज दिला. त्यावर शिक्का बसला आणि शिक्क्यावर धूळ. हातात राहिला एक नंबर, मुलाच्या खोलीच्या घरमालकिणीचा. वरच्या बाईंनी तो लावून पाहिला. पलीकडे कुणी म्हातारी होती. म्हणाली, परक्या माणसाला मी भाडेकरूचं काही सांगत नाही. त्याच्या आईला विचारू दे. आणि फोन ठेवला.

"मग सांगायचं ना, आई इथे बाजूलाच बसलीय म्हणून," काजवाली म्हणाली.

"सांगितलं मावशी. त्यांना तुमचा आवाज ऐकायचाय. तुम्ही फक्त एक वाक्य विचारा. पुढचं मी ऐकते आणि तुम्हाला सांगते."

"एकच ना?"

"एकच. आत्ता लावू?"

ती थांबली. कात्री हातात घेऊन थांबायची, तशीच. "आत्ता नको. मला धड येऊ दे. पोपटासारखं बोलले तर ती कशाला सांगेल मला?"

दुसऱ्या दिवसापासून ती वर्गात मागच्या बाकावर बसू लागली, मांडीवर मास्तरांचा कोट. वर्गातल्या पोरांची करमणूक झाली. "काय मावशी, तुम्हीपण वेल्डिंगला?"

"हो तर. तुमची जोडलेली कामं उसवायला कुणीतरी नको?"

बाईंनी फळ्यावर लिहिलं. दोको, म्हणजे कुठे. जे शोधायचं त्याचं नाव आधी, मग वा, मग दोको, शेवटी देस का.

"शेवटी का? आपल्यासारखंच?"

"आपल्यासारखंच. फक्त देसु म्हणताना शेवटचा उ गिळायचा."

"गिळायची सवय आहे मला," काजवाली म्हणाली.

पोरं स्टेशन शोधत होती, पोस्ट शोधत होती, सगळ्यात जास्त संडास शोधत होती. एकी वा दोको देस का. तोइरे वा दोको देस का. काजवालीला एकच गोष्ट शोधायची होती. मुसुको, म्हणजे माझा मुलगा. फोनवर आपण कोण ते सांगायचं म्हणून तिला अजून एक शब्द मिळाला. आपल्या आईला तिकडे हाहा म्हणतात. "बरोबरच आहे," ती म्हणाली, "हसण्यासारखीच गत आहे आईची."

घरी, दुकानात, जिन्यावर तिचं तेच चाललेलं. धाग्याच्या गाठीवर वाक्य बसलं. एक टाका मुसुको, एक वा, एक दोको, एक देस, एक का. आठ वेळा म्हटलं की एक काज पुरं. मास्तर म्हणाले, "काजवाली, कोटाला जपानी चढलं तर गिऱ्हाईक भाषांतर मागेल हो." पण त्या दिवसांत ते चहाला जाईनात. गल्ल्याशी बसून तिचं पुटपुटणं ऐकत राहायचे.

उत्तरंही तिने पाठ केली, कुणी न सांगता. कोको, इथे. सोको, तिथे तुमच्यापाशी. आसोको, तिकडे लांब. मिगी उजवीकडे, हिदारी डावीकडे. पुस्तकात दोकोला एवढीच उत्तरं होती, आणि पुस्तकाच्या बाहेर उत्तरं असतात हे तिच्या ध्यानातच आलं नाही. तिची तयारी अशी, की म्हातारी म्हणेल आसोको, आणि मग आपण विचारू, मिगी का हिदारी? तिने आसोकोवरच आस लावली होती. लांब का असेना, असला म्हणजे झालं.

एक शब्द मात्र तिने मुद्दाम पाठ केला नाही. वर्गातली पोरं कुठल्याही प्रश्नाला तोच तोंडावर फेकायची. वाकारिमासेन. मला माहीत नाही. पहिल्याच दिवशी शिकवतात तो. ऐकून ऐकून तिलाही आला, इलाज नव्हता.

दहाव्या दिवशी तिने कोट घडी करून ठेवला. "लावा आता."

दुपारची वेळ, तिकडे संध्याकाळ. पोरांना बाईंनी खाली पाठवलं, ती सगळी जिन्यातच बसली. बाईंनी फोन बाकावर ठेवला, दोघींना ऐकू येईल असा. दोन घंटा वाजल्या.

"मोशी मोशी," बारीक, थरथरता आवाज आला.

काजवालीने दोन्ही हात मांडीवर धरले, जणू सुई आहे त्यांत. "मोशी मोशी. हाहा देस." मुलाचं नाव सांगितलं. आणि मग सावकाश, एकेक टाका, "मुसुको वा दोको देस का?"

जराही अडलं नाही. बाईंनी मान डोलावली.

पलीकडे नळ गळत असल्यासारखा आवाज येत होता, तिथल्या घरात कुठेतरी. मग म्हातारी बोलली. परदेशी आईला कळावं म्हणून, लहान मुलाशी बोलतात तसं, तोडून तोडून.

"मुसुको-सान वा... दोको देस का?"

बाईंनी सांगायला तोंड उघडलं. काजवालीने हात वर करून थांबवलं. हे वाक्य तिला दुसऱ्याने सांगावं लागणार नव्हतं. तिचा मुलगा कुठे आहे, हे त्या म्हातारीला तिच्याकडून हवं होतं. म्हणूनच तर आईला बोलवा म्हणाली होती.

दोन म्हाताऱ्या, मध्ये एवढा समुद्र, आणि दोघींकडे तोच एक प्रश्न.

विचारलं तर उत्तर द्यायला हवं. पाठ केलेली सगळी उत्तरं तिने आठवून पाहिली. कोको नाही. सोको नाही. आसोको म्हणायची जीभ होईना.

"वाकारिमासेन," काजवाली म्हणाली.

मग म्हातारी खूप बोलली, घाईघाईने. बाईंनी ऐकून घेतलं आणि फोनवर हात धरून सांगितलं. तो एका सकाळी बाहेर पडला तो आलाच नाही. पोलिसांनी लिहून घेतलंय. त्याचं सामान अजून खोलीत आहे, बूटसुद्धा. पण एक तारखेला खोली दुसऱ्याला जाणार. सामान कुठे पाठवू, विचारतायत.

"बूटसुद्धा?"

"हो मावशी."

"तिथेच ठेव म्हणावं. परत आला तर काय घालेल?"

बाईंनी विचारलं. उत्तर ऐकून नुसती मान हलवली. खोली जाणारच होती.

तेव्हा काजवालीने पत्ता सांगितला. घराचा नाही, दुकानाचा, दिवसभर ती तिथेच असते म्हणून. बाईंनी एकेक अक्षर पलीकडे पोचवलं.

ती खाली उतरली तेव्हा जिन्यातली पोरं भिंतीला चिकटून बाजूला झाली. मास्तर दारातच उभे होते.

"कळलं का काही?"

"सगळं कळलं मास्तर," ती म्हणाली. "बाईंना सांगायची फारशी गरजच पडली नाही."

कोट उघडून तिने राहिलेलं काज पुरं केलं. हात त्याच चालीने चालत होता, मुसुको, वा, दोको. चाल बदलायचा तिने प्रयत्न केला, जमलं नाही. टाके मात्र सरळ आले.

सोमवारी वरून एक पोरगा जिन्यात वाकून ओरडला, "मावशी, चला ना, आज नवा प्रश्न आहे! इत्सु! इत्सु म्हणजे केव्हा!"

"शिका तुम्ही," काजवाली खालूनच म्हणाली, दातांनी धागा तोडत. "मला त्याचं काम नाही."