उजवीकडचं लिंबू

बापूकाकांकडे जेवायला जायचं तर घरून थोडं खाऊनच निघावं लागे. वाढण्यात कंजूषपणा नव्हता हो! पण ताट समोर आलं तरी त्याला हात लावायची सोय नसे. आधी फोटो. इकडे उत्तरेत, दूधविनायक मोहल्ल्यातल्या त्यांच्या घरात उजेड काय तो खिडकीपाशी. ताट तिथे सरकवून काका गुडघ्यांवर बसत, चष्मा कपाळावर चढवत आणि मोबाईल वांग्याच्या इतका जवळ नेत, की एकदा रस्साच काचेला लागला. धोतराच्या सोग्याने पुसत म्हणाले, "घ्या! आता चवपण गेली पुण्याला!"

पुण्याला म्हणजे त्यांच्या थोरल्या बहिणीला, आक्कांना. आई लवकर गेल्यावर आक्कांनीच त्यांना वाढवलं, चुलीपुढे बसवून स्वयंपाक शिकवला. मग लग्न होऊन त्या पुण्याला गेल्या आणि काका इथेच वेद आणि संस्कृत शिकवत एकटे राहिले. रोज दुपारी ताटाचा फोटो पुण्याला जाई, आणि लगोलग तिकडून फोन येई. मी भिंतीपलीकडची शेजारीण, मला काकांचं हसणं तेवढं ऐकू यायचं.

फोटोच्या बाबतीत माणूस महाचिकित्सक. "मुदीवरून तूप ओघळताना सापडलं पाहिजे," म्हणायचे. जरा हलला की दुसरा काढायचा. "हललेला फोटो म्हणजे सांडलेलं वरण. दाखवायचं कुणाला?" रामघाटावर गणपतीच्या पंगतीत सगळे हात आवरून बसलेले, आणि काका वाकून मसालेभाताचा फोटो काढताहेत! पोरं ओरडायची, "काका, खाना ठंडा हो रहा है!" काका मान वर न करता म्हणत, "ठंडा होने दो, धुंधला नहीं होना चाहिए."

आणि एवढं करून ताट चुकीचं! लिंबू, चटणी, कोशिंबीर डावीकडे, भाजी उजवीकडे, हे आपल्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. काकांचं लिंबू उजवीकडे. कधी मीठच गायब. "वैदिकाच्या घरचं ताट बघा हे!" म्हणत बायका तोंडाला पदर लावून हसायच्या. काकाही त्यांच्याबरोबर हसत.

मला असलं काही बघवत नाही. एकदा ते चष्मा शोधत असताना मी लिंबू उचलून गुपचूप डावीकडे ठेवलं. केवढ्यांदा ओरडले! "अगं, हात लावू नकोस! बरोबर वाढलं तर आक्का बोलणार काय?"

मग खाली बसून त्यांनी सगळं सांगितलं. आक्कांना हल्ली काही आठवत नव्हतं. फोनवर काकांचा चेहरा दिसला की सुनेला विचारत, "हे कोण गृहस्थ?" पण एकदा एका फोटोत चुकून लिंबू उजवीकडे राहिलं आणि आक्का कडाडल्या, "बाप्या, मेल्या, लिंबू कुठे ठेवलंस?" सांगताना काका हसत होते आणि डोळेही पुसत होते. "नाव घेतलं गं माझं! तेव्हापासून रोज एक चूक करतो."

मी लिंबू होतं तिथे ठेवलं.

पुढे मीच चुका सुचवू लागले. "काका, आज पापड वरणात बुडवू या?" "छे छे, ती फोनमधून बाहेर येऊन मारेल मला!"

या थंडीत एका दुपारी भिंतीपलीकडे हसणं नाही. मी गेले तर ताट तसंच, काका फोन धरून बसलेले. लिंबू उजवीकडे, मीठ नाही, चटणीसुद्धा भलतीकडे. तरी आक्का म्हणाल्या होत्या, "छान आहे. कुणाचं ताट?"

काका जेवले नाहीत. संध्याकाळी घराची किल्ली माझ्या हातात देत म्हणाले, "फोटोत तिला नीट दिसत नसेल. समोर बसून वाढतो." स्टेशनवर मी पोळीभाजीचा डबा दिला, तर गाडी सुटेपर्यंत त्याचाच फोटो काढत होते. मला रडू आलं आणि त्यांचा रागही आला.

बरेच दिवस काहीच कळलं नाही. भिंतीपलीकडची शांतता मला जेवताना नको व्हायची.

परवा फोटो आला. वांग्याची भाजी, भात, आणि एका सुरकुतलेल्या हातात लिंबू, उजवीकडून डावीकडे निघालेलं. इतका हललेला फोटो काकांनी जन्मात कधी पाठवला नव्हता. भात कुठला नि कोशिंबीर कुठली, कळेना.

खाली त्यांनी लिहिलं होतं, "फोटो हलला. हातावर चापट बसली. नाव घेऊन."