घोड्याखालचा माणूस

होणाऱ्या सासऱ्यांवर छाप पाडायला मी म्युनिकच्या एका राजवाड्यात छत्री उगारली. लाकडी जमिनीच्या मेणपॉलिशचा वास आला की माझं नाक अजून ठणकतं. मुलगी द्यायची की नाही हे ठरवायला सासरे, म्हणजे तेव्हाचे माझे 'काका', पुण्याहून आले होते. समोर भिंतभर चित्र होतं: मागे शहर पेटलेलं, पुढे चिलखतातला राजा घोड्यावर आणि टापांखाली एक रक्तबंबाळ शिपाई. "बघा काका, राजाच्या हातात तलवार नाही, नुसता दंडुका. कापाकापी इतरांनी करायची, याने फक्त ऐटीत बसायचं. सत्ता म्हणतात ती हीच." "आणि खालचा कोण?" "तो हरलेला. त्याच्याकडे कोण बघतंय?" असं म्हणत मी घडीची छत्री दंडुक्यासारखी पुढे केली आणि अंगठा बटणावर पडला. छत्री फाडकन उघडून चित्रावर झेपावली. पहारेकऱ्याने माझा हात पिरगाळला, मला जमिनीवर आपटलं आणि पाठीत गुडघा रोवला. चकचकीत मेणावर माझ्या नाकातलं रक्त पसरत गेलं. काका एकदा चित्राकडे बघत होते, एकदा माझ्याकडे. लग्न झालं म्हणा, पण आजही चारचौघांत मी जरा फुशारकी मारायला लागलो की ते शांतपणे म्हणतात, "जावईबापू, तुम्ही घोड्याखालचे."