इप्पत्तु की एप्पत्तु

खडेबाजारात कोपऱ्यावर लिंबू-कोथिंबीर विकणाऱ्या आक्कांचं नाव मला ठाऊक नाही. फोनवरून पैसे जमा झाले की त्यांच्या टोपलीतली पेटी कन्नडमध्ये आकडा ओरडते, आणि आक्का माणसाला द्यावा तसा तिला "व्हय" म्हणून जबाब देतात. कोथिंबिरीवर पाणी शिंपडायच्या आधी पेटीवर आठवणीनं फडकं टाकतात.

मी मराठीचा मास्तर, पण आपलं कन्नडही झकास आहे असा माझा समज. त्यामुळं भाव कन्नडातच विचारायचा. त्या दिवशी आक्का "इप्पत्तु" म्हणाल्या. मी ऐटीत सत्तर रुपये पाठवले आणि चालू लागलो.

"एप्पत्तु!" पेटी ओरडली.

"न्हाय!" आक्का तिच्यावर खेकसल्या. त्यांनी पेटीला नाही म्हटलेलं मी पहिल्यांदाच ऐकलं.

टोपली तशीच सोडून त्या पन्नासची नोट घेऊन माझ्यामागं आल्या. "सर, इप्पत्तु म्हंजे वीस. एप्पत्तु म्हंजे सत्तर." आजूबाजूचे हसले. मी सगळा दोष बाजारातल्या गोंगाटावर ढकलला.

आठवड्यानं पुन्हा गेलो आणि हट्टानं भाव कन्नडातच विचारला, "एष्टु?". आक्का मराठीत "वीस" म्हणाल्या. मी पैसे पाठवले, तर पेटीही चक्क मराठीत बोलली, "वीस रुपये मिळाले."

"हिला मराठी कुणी शिकवली?"

"मोबाइलच्या दुकानात जाऊन बदलून आणली," आक्का म्हणाल्या. "तुमास्नी कन्नड शिकवण्यापरीस हिला मराठी शिकवणं लई सोपं गेलं."