मावशींनी टाकलेला घड

"हिच्यासमोर जास्त बोलू नको. ही आपलं डोकं त्या डब्यात भरते."

टेबलापलीकडच्या दोघी हळूच बोलल्या होत्या, पण द्राक्षांच्या पॅकहाऊसमध्ये थंडाव्यासाठी सगळं बंद असतं, आवाज घुमतो. डबा म्हणजे टेबलावरचा कॅमेरा आणि ही म्हणजे मी. मी लॅपटॉपमध्ये मान घातली. ऐकू आलं नाही असं दाखवणं मला शाळेपासून छान जमतं.

त्या हंगामात मी रोज नाशिकहून सायखेड्याजवळच्या त्या पॅकहाऊसला जात होते. हरसूलकडून आलेल्या एक मावशी घड हातात घेत, फिरवून बघत, ठेवत किंवा टाकत. कॅमेरा त्याच घडाचा फोटो घेई. टाकण्याचं कारण मी नोंदवायचं: रंग, डाग, देठ, आकार, इतर. या नोंदींवरून यंत्र निवड शिकणार होतं. ते नीट शिकलं, तर पुढच्या हंगामात मावशींच्या टोळीला बोलावणं जाणार नव्हतं. हे त्यांना माहीत होतं आणि मलाही.

मावशींचे निम्मे घड 'इतर'मध्ये जात.

"हा का टाकला?"

"नाय आवडला."

"म्हणजे काय?"

"तुला पोरगा नाय आवडला, तर सांगता येईल का गं, का नाय आवडला ते?"

अख्खं टेबल हसलं. माझे कान तापले.

शिकता शिकता यंत्रही प्रत्येक घड पास किंवा नापास करू लागलं होतं; ते मात्र दर वेळी कारण देई. मला त्याच्याबद्दल थोडी आपुलकीच वाटायची. इंग्रजी शाळेत मी बर्फ पडण्यावर निबंध लिहिला होता. शेकोटी, लोकरीचे हातमोजे, खिडकीवर साचलेला बर्फ. बाईंनी तो वर्गात वाचून दाखवला. बर्फ मी फक्त फ्रीजमध्ये पाहिला होता. कुठल्या शब्दानंतर कुठला शब्द शोभतो, एवढंच मला यंत्रासारखं कळत होतं. तो विचार होता का? नसेल, तर मी विचार करायला नक्की कधी लागले?

या कुतूहलापायीच मी एक उद्योग केला. मावशींनी टाकलेला, पण यंत्राने पास केलेला एक गच्च भरलेला घड मी रात्रभर शीतगृहात ठेवला. सकाळी तो दुसऱ्या बागेच्या क्रेटमध्ये सरकवला. मावशींनी तो उचलला, फिरवला आणि ठेवून घेतला. यंत्राने पुन्हा पास केला. मी दोन्ही दिवसांचे निकाल एकाच घडापुढे नोंदवले; क्रेट बदलल्याचं मात्र लिहिलं नाही.

सुपरवायझर सरांनी ती पाहिली. "बघा! यंत्र दोन्ही दिवस एकच बोललं. बाईंचं मत एका रात्रीत फिरलं. मालक दुपारी येतायत, हेच दाखवतो."

जेवणाच्या सुट्टीत मी पहिल्यांदाच मावशींच्या शेजारी जाऊन बसले आणि सगळं सांगून टाकलं. नागलीच्या भाकरीचा घास त्यांच्या हातातच राहिला.

"कालचा घड आजच्या क्रेटात? मला फसवतेस व्हय गं?" त्या हसल्या. "कालच्या बागेला तोडायच्या आधी पाणी दिलेलं. ट्रॅक्टरवाल्याला इचारलं मी. असल्या गच्च घडाचे मणी पाणी पिऊन फुगतात आन् वाटेत फुटतात. आजची बाग कोरडी हाय. तू क्रेट बदललंस, मग मला कसं कळंल?"

"मग काल हे सांगितलं का नाही?"

"तू घडाचं इचारलंस. पाण्याचं कुठं इचारलंस?" मग त्यांचं हसू गेलं. "सायबाला दाखवलंस का ते?"

मी होकारार्थी मान हलवली.

म्हणजे मावशीही फसल्या होत्या. समोर येईल त्यावर त्याही अवलंबून होत्या, यंत्रासारख्याच. पाण्याचा एक रकाना वाढवला, तर यंत्र तेही शिकेल, हे मला माहीत होतं. पण ट्रॅक्टरवाल्याला विचार, असं मावशींना कुणीही सांगितलं नव्हतं. त्या आपण होऊन उठून गेल्या होत्या. तो प्रश्न त्यांच्या मनात आला कुठून? ते मला अजूनही कळलेलं नाही.

दुपारी मालक आले. सरांनी लॅपटॉप त्यांच्याकडे वळवला. एरवी मी घरी जाऊन मेल लिहिला असता. पण मावशी टेबलापाशी उभ्या होत्या, हातातली कात्री न चालवता.

"घड मी हलवला होता," मी म्हणाले. कुणी वळून पाहिलं नाही, म्हणून पुन्हा, मोठ्याने म्हणाले, "सर, घड मी दुसऱ्या बागेच्या क्रेटमध्ये ठेवला होता. चूक माझी आहे, मावशींची नाही. बागेला पाणी कधी दिलं, हे त्यांनी विचारून घेतलं होतं. यंत्राने नाही, मी नाही आणि तुम्हीही नाही."